खताचं नाडेप टाकं भरलं, पेंढा पिवळाच्या पिवळा राहिला, काय चुकलं?

रविवारचा_शेतकरी (ऐरोली):

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलीये, सांभाळून घ्या. मी राहायला ऐरोलीला, नोकरी ठाणे-बेलापूर रोडला आणि शेती मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे. म्हणजे शेती काका-काकू करतात, मी शनिवार-रविवार जाऊन शहाणपणा शिकवतो (हे काकूचं म्हणणं). दोन एकर भात, वर थोडी वरकस (उताराची माळजमीन), तिथे नाचणी नाहीतर वरई. गोठ्यात दोन म्हशी, एक गाय आणि अजून बैलजोडी ठेवलीये काकांनी, सगळे ट्रॅक्टर बोलावतात तरी.

तर गेल्या वर्षी डोक्यात आलं की घरात एवढा पेंढा, एवढं शेण, आणि आपण दर जूनला खताच्या गोणी आणायला मुरबाडला रांगेत उभे राहतो, हे काय गणित आहे. पेंढा निम्मा गुरं खातात, थोडा तबेलेवाले उचलतात, उरलेला राबाला, म्हणजे रोपांचा वाफा भाजायला, जाळतो. शेण उकिरड्यावर, तो उघडा, आमच्याकडे पाऊस कसा पडतो माहितीये तुम्हाला, ऑगस्टपर्यंत त्यातलं सगळं सत्त्व ओढ्याला लागलेलं असतं. म्हणून व्हिडिओ बघून नाडेपचं टाकं बांधलं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांमध्ये भोकं ठेवून, अगदी मापात. महाशिवरात्रीच्या आसपास भरलं. पेंढ्याचा थर, वर शेणकाला, वर माती, परत पेंढा, असं करत टाक्याच्या वर दीड फूट गेलो आणि शेणमातीने लिंपून टाकलं. व्हिडिओवाला म्हणाला ९० ते १२० दिवसांत चहापत्तीसारखं खत.

मे संपता संपता मी आणि चुलतभाऊ पहार घेऊन उघडायला गेलो. वरचं वीतभर काळंभोर, मातीचा मस्त वास, मी लगेच फोटो फॅमिली ग्रुपवर. खाली पहार घातली तर कुरकुर आवाज. पेंढा. कालच झोडून ठेवल्यासारखा पिवळाधमक, मुठीत दाबला तर काडी मोडतेय. मधोमध मुंग्यांचं वारूळ. आणि एका कोपऱ्यात थोडी ओल होती तिथे पांढऱ्या अळ्या, अंगठ्याएवढ्या जाड, वळून बसलेल्या, पंधरा-वीस निघाल्या. काकूने कोंबड्यांना घातल्या.

तरी वाया कशाला घालवा म्हणून ते अर्धकच्चं तसंच एका खाचरात टाकलं आणि नांगरलं. आवणी (भाताची लावणी) झाल्यावर दहा-बारा दिवसांत तेवढंच खाचर पिवळं, आजूबाजूची हिरवीगार. काका एक शब्द बोलले नाहीत. बांधावर उभे राहून त्या खाचराकडे बघत तंबाखू मळत राहिले, ते जास्त लागलं. शेवटी युरिया मारला तेव्हा भात सावरलं.

आता झोडणी झालीये, अंगणात पेंढ्याची उडवी उभी आहे. काका म्हणतात जाळ की नेहमीसारखं. मला परत एकदा करून बघायचंय पण ह्या वेळी चुकलो तर घरात तोंड दाखवायला जागा नाही. नक्की काय चुकलं? टाकं चुकीचं, की शेण कमी, की ती कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची, डिकंपोजरची बाटली घालायला पाहिजे होती?

काळूकाठ:

पाणी किती मारलं होतं?

रविवारचा_शेतकरी:

भरताना ड्रमने वाहिलं, चार-पाच ड्रम, धरा हजार लिटर. नंतर नाही. एप्रिलमध्ये विहिरीने तळ गाठला होता, बायका हंडे लावून टँकरची वाट बघतायत तिथे मी खताला पाणी कुठल्या तोंडाने मागू.

काळूकाठ:

मग झालं की. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंत.

शहापूर_७४:

काळूकाठ बरोबर बोलतायत पण फारच थोडक्यात आटोपलं, मी जरा सविस्तर सांगतो कारण ही चूक मी स्वतः दोन वर्षं ओळीने केलीये.

नाडेप चांगलंच आहे, त्याला नाव ठेवू नका. आपल्या यवतमाळकडच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी काढलेली पद्धत, त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. त्यात हिशोब असा की एका टाक्याला काडीकचरा चौदा-पंधराशे किलो, शेण फक्त शंभरेक किलो, माती सतराशे किलोच्या वर आणि पाणी दीड ते दोन हजार लिटर. शेण कमी लागतं म्हणून सगळे खूश होतात आणि पाण्याचा आकडा कोणी वाचत नाही. तेही एकदा भरताना नुसतं ओतून चालत नाही, वरचं लिंपण तडकलं की परत शेणाने लिंपायचं, आतली ओल टिकली पाहिजे. पंधरा-वीस दिवसांत माल खाली बसतो तेव्हा परत भरून परत लिंपायचं. हे केलंत का? नसणारच, रविवारच्या शेतकऱ्याला कुठला वेळ (राग मानू नका, मीही कळव्यावरून जाऊन-येऊन करायचो).

पण खरी गोची महिन्याची आहे. हे सगळे व्हिडिओ देशावरचे असतात. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे म्हणजे मरणाचा कोरडा काळ आणि जून लागला की बदाबदा. आमच्या शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मोडकसागर आहे, मुंबई-ठाण्याच्या नळाला आमचं पाणी, आणि आमच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर. हे रडगाणं नवं नाही, सोडा. मुद्दा एवढाच की आपल्या भागात खताचा हंगाम म्हणजे दिवाळी ते संक्रांत. विहिरी भरलेल्या असतात, ओढ्याला धार असते, रात्री दव पडतं, पेंढा ताजा असतो, गवत अजून थोडं हिरवं मिळतं आणि माणसंही मोकळी होतात झोडणीनंतर. तेव्हा लावलेला ढीग मार्चला तयार. मग तो पावसाआधी शेतात पसरायचा किंवा पेंढा-प्लास्टिक टाकून झाकायचा. तुम्ही आत्ता डिसेंबरात विचारताय म्हणजे वेळ अजून गेलेली नाही, ह्याच शनिवारी लागा.

आणि खड्डा अजिबात नको. जुने लोक खड्डा करायचे, पावसात त्याची विहीर होते आणि वास असा सुटतो की सोयरीक मोडेल. उंचवट्यावर ढीग घाला, आंब्याच्या सावलीत. खाली जाड काटक्या अंथरा म्हणजे खालून हवा जाते. रुंदी पाच-सहा फूट, उंची चार-पाच फूट, लांबी कितीही.

दापोलीकर_अ‍ॅग्री:

पाणी आणि महिना, दोन्ही बरोबर, पण शेणाचं गणित राहिलं. मी दापोलीला बीएस्सी अ‍ॅग्री केलंय, सध्या घणसोलीला ऑफिसात बसून एक्सेल भरतो त्यामुळे असं काही दिसलं की हात शिवशिवतात, मोठं लिहितोय, कंटाळा आला तर सोडून द्या.

कुजवणारे जिवाणू म्हणजे गडीमाणसं समजा. कर्ब म्हणजे भाकरी, नत्र म्हणजे डाळ. एका भाग नत्राला २५ ते ३० भाग कर्ब असेल तर काम जोरात चालतं. भाताच्या पेंढ्यात हे प्रमाण सत्तर-ऐंशीला एक, नुसती कोरडी भाकरी. शिवाय पेंढ्यात सिलिका भरपूर आणि वरून मेणचट, पाणी ओतलं तरी निथळून जातं, म्हणून तर तुमच्या टाक्यात मधला भाग वाजत होता. शेणात वीस-पंचवीसला एक. ऐकायला छान वाटतं, पण ओल्या शेणात पाचातले चार भाग नुसतं पाणी असतं, त्यामुळे वजनाला पेंढ्याच्या तिप्पट ओलं शेण घातलं तरी प्रमाण चाळीसच्या आसपासच येतं. नाडेपमध्ये शंभर किलो शेणात भागतं कारण तिथे माती भरपूर आहे, वेळ आहे आणि काडीकचरा मिसळीचा आहे, निव्वळ भाताचा पेंढा नाही.

आता तुमच्या गोठ्याचा हिशोब करू. पाच मोठी जनावरं, दिवसाचं पन्नास-साठ किलो शेण, पण दिवसा चरायला गेली की निम्मं रानात. राहिलं तीस किलो. दोन महिन्यांत अठराशे किलो. म्हणजे तुमच्याकडे साधारण सहाशे किलो पेंढा नीट कुजेल, पंधराशे नाही. लोक पेंढा किती आहे बघून टाकं बांधतात, बांधायचं असतं शेण बघून.

ह्यावर स्वस्तातला उपाय मूत्र. नत्राचा मोठा वाटा शेणात नसतोच, मुतात असतो आणि तो आपण गोठ्याच्या मागच्या गटारात सोडतो. रात्री जनावरांखाली पेंढा अंथरा, जाडसर. सकाळी तो भिजलेला, तुडवलेला, शेणाने माखलेला उचलायचा आणि थेट ढिगावर. भिजवायचं काम झालं, बारीक करायचं झालं, नत्र मिळालं, गोठा कोरडा राहिला, म्हशीच्या खुरांनाही बरं. आमची आजी हेच करायची, तिला कर्ब-नत्र काही माहीत नव्हतं. जोडीला गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला मिळाला तर सोनंच, बांधावर फांद्या रोवल्या की येतो. टाकळाही चालतो पण शेंगा धरायच्या आत कापलेला.

भात का पिवळं पडलं तेही ह्यातच आलं. कच्चा पेंढा चिखलात गेला की जिवाणू त्याला कुजवायला जमिनीतलंच नत्र ओढतात, रोपाला उरत नाही. युरिया टाकल्यावर सावरलं ना, तेच. वर साचलेल्या पाण्यात कच्चा पेंढा कुजला की मिथेनही जास्त सुटतो.

अळ्यांबद्दल एक विचारतो. घराजवळ नारळ आहे का? त्याच्या झावळ्या कात्रीने तिरप्या कापल्यासारख्या दिसतात का?

रविवारचा_शेतकरी:

अहो हो!! मागीलदारी दोन नारळ आहेत, झावळ्या पंख्यासारख्या कापलेल्या, आम्ही म्हणायचो माकडं. तुम्ही घणसोलीत बसून कसं ओळखलंत?

दापोलीकर_अ‍ॅग्री:

माकडं नाहीत, गेंड्या भुंगा आहे. अंगठ्याएवढी जाड अळी शेणखतात सापडली म्हणजे बहुतेक तोच. हुमणी नव्हे, हुमणी पिकाची मुळं खाते, ही कुजका माल खाऊन खतात वाढते आणि भुंगा झाला की नारळाच्या शेंड्यात शिरतो. मिटलेली झावळी आत कुरतडतो, ती उघडली की अशी कातरलेली दिसते. म्हणजे तुमचं टाकं खत कमी आणि भुंग्यांचं प्रसूतिगृह जास्त होतं. ढीग नीट तापला तर अळी टिकत नाही, शिवाय मेटारायझियम नावाची बुरशी मिळते ती ढिगात मिसळतात, ती ह्या अळ्यांना मारते. काकूंचा कोंबड्यांचा उपाय मात्र सर्वात झकास.

बाटलीचं राहिलं. गाझियाबादच्या जैविक शेती केंद्राची ती वेस्ट डिकंपोजरची बाटली, २०० लिटर पाण्यात २ किलो गूळ घालून वाढवायची. वापरा, वाईट काही नाही. पण कोरड्या पेंढ्यावर कुठलीही बाटली ओता, काही होणार नाही. ताज्या शेणात जिवाणू कमी असतात असं नाही, त्यांना ओल आणि हवा मिळत नाही एवढंच.

गणेश_बदलापूर:

मी उलटं बोलणार आहे, शिव्या घालू नका. ४५ किलोची युरियाची गोण, ४६ टक्के नत्र, म्हणजे वीस किलोच्या वर नत्र झालं, पैसे तीनशेच्या आत. शेणखतात नत्र अर्धा टक्का. तेवढंच नत्र हवं तर चार टन शेणखत लागेल. पंचवीस किलोची पाटी धरली तर १६० पाट्या. एक गोण खांद्यावर टाकून नेणं आणि १६० पाट्या वाहणं, सांगा बरं कोण शहाणा. गावातली पोरं सगळी भिवंडीच्या गोदामांत कामाला, ढीग पलटणार कोण? भावनेच्या भरात खत करू नका.

शहापूर_७४:

गणेशभाऊ नत्रापुरतं बरोबर. पण युरियात नत्राशिवाय काय आहे? शेणखताबरोबर पालाश जातं, जस्त जातं आणि मुख्य म्हणजे जमिनीला अंग येतं. आमच्या वरकसला तांबडी माती, लोह-अ‍ॅल्युमिनियमवाली, स्फुरद टाकलं की धरून बसते, पिकाला देतच नाही. शेणखत पडलं की ते सुटायला लागतं. आणि पंधरा दिवस पावसाने ओढ दिली की शेणखताचं खाचर कुठलं आणि युरियाचं कुठलं हे बांधावरून नुसतं बघून सांगता येतं. दोन्ही वापरा की, कोणी शपथ घातलीये?

वहिनी_किन्हवली:

गणेशभाऊंचा १६० पाट्यांचा हिशोब वाचून हसू आलं कारण तो हिशोब त्यांनी कागदावर केला आणि आम्ही डोक्यावर करतो. मे महिन्यात भर उन्हात खत शेतात कोण वाहतं? बायका. शेण कोण काढतं? बायका. आता ढीग पलटायचा म्हटलं की तो कोण पलटणार ते पण कळलं. ऐरोलीच्या दादांनी पोस्टमध्ये काकूंना विचारलंय असं कुठे दिसलं नाही मला.

अजून एक गोष्ट, सगळं शेण ढिगाला मिळेल हे धरूच नका. गोवऱ्या थापायला लागतं, अंगण सारवायला लागतं. गॅसची टाकी आहे पण ती पुरवून पुरवून वापरतात गावात, पाणी तापवायला चूलच. आम्ही दोन घनमीटरचा गोबरगॅस केला, त्याला रोजचं पन्नास किलो शेण लागतं, आमची सात गुरं आहेत म्हणून जमतं. त्याची मळी बाहेर येते ती पेंढ्यावर ओततो. मळी पातळ असते त्यामुळे पेंढा चांगला भिजतो, वास नाही, माश्या नाहीत, आणि चुलीचा धूर गेला तो वेगळाच. दादांच्या पाच गुरांवर काठावर जमेल, रोज पुरं पडणार नाही.

वाहून नेण्यावर आम्ही काय केलं सांगते. ढीग घराकडे लावायचाच नाही. भात कापलं की खाचरं कोरडी असतात, बैलगाडी आत जाते. आठवड्याचं अंथरूण-शेण एका फेरीत गाडीने न्यायचं आणि ज्या खाचराला खत हवंय त्याच्याच कोपऱ्यात ढीग लावायचा. मग मे महिन्यात फक्त फोकायचं. डोक्यावर काही नाही.

तबेला_भिवंडी:

आमच्याकडे म्हशी ऐंशी. शेण फुकट न्या, हात जोडतो, न्या. पावसाळ्यात शेण ठेवायला जागा नसते, आजूबाजूला टॉवर झालेत, वरच्या मजल्यावरून फोटो काढून तक्रार जाते. एवढीच अडचण की शेण फुकट पण टेम्पो महाग, मुरबाडला टोकावड्यापर्यंत न्यायचं तर डिझेलमध्येच खताची किंमत जाते. त्यातून धुतलेल्या शेणात पाणीच जास्त असतं, नेलंत तर वाळून बसलेल्या ढिगातलं मागा, पाण्याचं भाडं देऊ नका. तुमच्याकडचा पेंढा आणायला आमची गाडी गावाला रिकामी जाते, तिच्यात गोणी टाकून द्यायला सांगा. आमचे दोन-तीन शेतकरी असंच करतात.

काळूकाठ:

मुरबाडला पोल्ट्री शेड भरपूर आहेत. तुसावरचं कोंबडीखत मागा.

दापोलीकर_अ‍ॅग्री:

हे मस्त सुचवलंत. कोंबडीखतात कर्ब-नत्र दहाला एकच्या आसपास, म्हणजे पेंढ्याच्या बरोबर उलट टोक, थोडं मिसळलं तरी ढीग पेटल्यासारखा तापतो. पण कच्चं कोंबडीखत रोपांवर टाकू नका, करपवतं. आणि मेलेली कोंबडी ढिगात घालायचा मोह नको. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूरच्या वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला होता, आठवत असेल. मर दिसली तर पशुवैद्यकाला कळवायचं, खताचा विचार नंतर.

मोगरा_वाशी:

मध्येच विचारते, आमच्या सोसायटीत रोज दोन-तीन पिंपं ओला कचरा निघतो, तो अशा शेतकऱ्यांना दिला तर चालेल का? फुकट द्यायला तयार आहोत.

वहिनी_किन्हवली:

ताई कचरा चालेल, त्यातल्या पिशव्या, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, चहाच्या पेल्यांचे तुकडे नाही चालणार. ते खाचरात वर्षानुवर्षं राहतात आणि आवणी करताना पायाला लागतात. त्यापेक्षा तुमच्याकडेच खत करा आणि सुट्टीत गावी येताना गोणी घेऊन या, वांगी-मिरची आम्ही देऊ.

शहापूर_७४:

राबाचं कोणी बोललं नाही. काका जाळ म्हणतात ते उगाच नाही म्हणत. राब भाजला की वाफ्यातलं तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप तरारून येतं, हे खरंय. ह्या राबासाठी तोडायच्या टहाळावरून इंग्रजांच्या काळात ठाणे-कुलाब्यात (कुलाबा म्हणजे आताचं रायगड) फॉरेस्ट खात्याशी इतकी भांडणं झाली की १८८५ मध्ये सरकारला कमिशन बसवावं लागलं, एवढं ते जिवाभावाचं होतं. पण वाफ्यापुरतं बोलायचं तर चारसूत्री भातशेतीत डॉ. सावंतांनी भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळायला सांगितलीये, गिरणीत तूस मिळतं. गिरिपुष्पाचा पालाही त्याच चार सूत्रांतला. राब एकदम बंद करू म्हणालात तर काका ऐकणार नाहीत. निम्मा वाफा राबाचा, निम्मा राखेचा करा आणि त्यांनाच बघू द्या.

रविवारचा_शेतकरी:

सगळ्यांचे आभार, खासकरून वहिनींचे, वर्मावर बोट ठेवलंत. काकूला खरंच विचारलं नव्हतं. शनिवारी विचारलं तर ती म्हणाली, "मला वाटलं तुला खत नको, टाकं बांधायचं होतं." बरं मग ठरलं काय तर टाक्यात आता लाकडं ठेवायची आणि ढीग त्याच पिवळ्या पडलेल्या खाचराच्या कोपऱ्यात. करतो आणि कळवतो.

रविवारचा_शेतकरी (दोन महिन्यांनी):

अपडेट देतो, विसरलो नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू केलं. रोज रात्री म्हशींखाली पेंढा, हे काकूने आधी नाक मुरडून केलं, आठवड्याने स्वतःहून म्हणाली की गोठा धुवायचं पाणी निम्म्यावर आलं. गोवऱ्यांपुरतं शेण तिचं, बाकीचं ढिगाला, असा तह झाला. दर रविवारी बैलगाडीने एक फेरी. मुरबाडहून कोंबडीखताच्या सहा गोणी आणल्या, गाडीत एसी लावून काच उघडी ठेवून आलो, बायको अजून बोलत नाहीये. बाकीचा पेंढा आदल्या दिवशी ओढ्यात भिजत टाकला, वर दगड ठेवून, मग थर लावले.

चौथ्या दिवशी काका सकाळी गेले तर ढिगातून वाफा निघतायत. मला फोन, "अरे आग लागली की काय बघ." मी ऑफिसात. शनिवारी जाऊन ढिगात पहार खुपसली, दहा मिनिटांनी बाहेर काढली तर टोक हातात धरवेना. दापोलीकर म्हणाले होते तसा तापला. तीन आठवड्यांनी पलटला, मी, चुलतभाऊ आणि काका (काकू बांधावर बसून सूचना देत होती, तिला हात लावू दिला नाही). परत तापला पण थोडा कमी. आता निम्म्यावर बसलाय. काल आतलं मूठभर घेतलं तर पेंढा ओळखू येतो अजून, पण पिवळा नाही, तपकिरी, आणि ओढला तर दोऱ्यासारखा तुटतो. अळ्या एकही नाही. कोंबड्या नाराज.

काका रोज संध्याकाळी तिकडून चक्कर मारून येतात. विचारलं कशाला गेला होता तर म्हणतात बैल सुटला होता.

फक्त एक शंका. दक्षिणेकडच्या अंगाला, जिथे ऊन लागतं, तिथे हातभर आत राखेसारखं पांढरं-करडं धूळधूळ काहीतरी धरलंय. हात लावला की भुगा होतो. बुरशी आहे का? फेकून देऊ का तेवढं?

दापोलीकर_अ‍ॅग्री:

फेकू नका, बुरशी नाही, अ‍ॅक्टिनोमायसिटीस आहेत, बुरशीसारखे दिसणारे जिवाणू, चांगल्यातले. पण ते असे राखेसारखे वर आले म्हणजे तेवढा भाग फार तापला आणि सुकला.

काळूकाठ:

म्हणजे पाणी मारा. विहिरीला आहे तोवर मारा.